चिंतेच्या गोळीची कंपनी दुकानदाराने बदलली, तर चालवून घ्यायचे का?

पारिजात, फोंडा
माझे मत आधीच सांगते. चिंतारोगाचे औषध एकदा लागू पडले की कंपनी बदलू नये. जेनेरिक (पेटंट संपल्यावर इतर कंपन्या बनवतात ते) घ्या नाहीतर नावाजलेले घ्या, पण दर महिन्याला नवे नको. आईला एसिटालोप्राम १० मिलिग्रॅम चालू आहे. गेल्या खेपेला फार्मसीतून वेगळीच पट्टी आली, 'औषध तेच' एवढेच सांगून. गोल गोळीच्या जागी लांबट गोळी बघून आईने ती डब्यात ठेवली आणि कुणाला न सांगता घेणेच सोडले. मग चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके. आम्हाला वाटले आजार उलटला. औषध एकदम तुटल्याने असे होते, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर कळले.

तर्कट, मडगाव
गोळी पोटात गेलीच नाही, तर दोष तिचा कसा? आणि ज्याला तुम्ही ब्रँड म्हणता तेही जेनेरिकच. एसिटालोप्राम मुळात डेन्मार्कच्या लुंडबेकचे. पेटंट केव्हाच संपले. आपल्याकडच्या बहुतेक पट्ट्या म्हणजे त्याच रेणूला दिलेली वेगवेगळी नावे. आपण पैसे मोजतो ते नावाचे आणि एमआरच्या, म्हणजे कंपनीच्या विक्री प्रतिनिधीच्या, फेऱ्यांचे.

पारिजात
मग जेनेरिक मूळ औषधाच्या ८० ते १२५ टक्क्यांत असले तरी चालते म्हणतात, त्याचे काय? एकात ८० आणि दुसऱ्यात १२५ निघाले तर?

तर्कट
हा गैरसमज व्हॉट्सअ‍ॅपवर फार फिरतो. गोळीत औषध २० टक्के कमी चालते, असा त्याचा अर्थ नाही. रक्तात औषध किती पोचले याची मूळ औषधाशी तुलना करतात, आणि त्या गुणोत्तराचा ९० टक्के विश्वासांतर पट्टा, म्हणजे अंदाजातली चूक धरून येणारा पट्टा, पूर्ण त्या मर्यादेत बसावा लागतो. सरासरीत मोठा फरक असेल तर पट्टा बाहेर जातो आणि गोळी नापास.

पारिजात
चाचणी झाली असेल तर ना! २०१७ पूर्वी आपल्याकडे चार वर्षांहून जुन्या औषधाला राज्याचा परवाना या चाचणीशिवाय मिळत होता. आणि अमेरिकेतसुद्धा २०१२ मध्ये बुप्रोपियॉनच्या एका ३०० मिलिग्रॅम जेनेरिकची मान्यता तिथल्या औषध नियामकाने, एफडीएने, काढायला लावली. ते नैराश्याचे औषध, मान्य. पण १५० च्या चाचणीवरून ३०० ला हिरवा कंदील दिला होता. रुग्ण आधीपासून तक्रार करत होते, पण ते म्हणे त्यांच्या मनाचे खेळ.

तर्कट
ती हळूहळू विरघळणारी गोळी होती. साध्या एसिटालोप्रामला तो दाखला लागू करू नका.

रानमेवा, सत्तरी
तुमचे वाद चालू द्या. माझ्या घरी दोघांची औषधे, एकाची पेन्शन. जनऔषधी केंद्रात निम्म्याहून कमी किमतीत मिळते आणि मला पॅनिकचे झटके परत आलेले नाहीत. सरकारी इस्पितळात टेंडरला जी कंपनी लागेल तिचीच गोळी मिळते, तिथे कोण निवडणार? महाग पट्टी परवडत नाही म्हणून मधेच औषध बंद करणारे मी आमच्या वाड्यावर पाहिलेत. कंपनीबदलापेक्षा ते वाईट.

वेर्णेकर_नाईटशिफ्ट
पट्टीच्या मागे बारीक अक्षरात दोन नावे असतात: बनवणारा आणि विकणारा. मी पॅकिंगला आहे. तीच गोळी दोन नावांच्या खोक्यांत जाताना रोज बघतो. नाव बदलले म्हणजे माल बदललाच असे नाही. उलट नाव तेच आणि कारखाना दुसरा, हेही होते.

काउंटरवरून, म्हापसा
मी फार्मसी चालवतो, शिव्या खायला तयार आहे. शेड्यूल एचच्या, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायच्या, औषधाची चिठ्ठी कंपनीच्या नावानिशी असेल तर दुसरे नाव देण्याची मुभा कायद्याने आम्हाला नाही. तरी देतात, कारण स्टॉकिस्टकडे माल नसतो आणि गिऱ्हाईक पेडण्याहून आलेले असते. २०२३ मध्ये डॉक्टरांनी जेनेरिक, म्हणजे औषधाचे मूळ नावच लिहावे असा नियम आला आणि त्याच महिन्यात स्थगित झाला. तो टिकला असता तर कंपनी निवडणारा मीच झालो असतो. कुणाला आवडले असते?

खरा धोका मला वेगळा दिसतो: नावामागचे 'प्लस'. साध्या एसिटालोप्रामऐवजी 'प्लस' दिले की बऱ्याचदा सोबत क्लोनाझेपाम हे गुंगीचे औषध जाते. म्हाताऱ्या माणसाला झोप, तोल जाणे, पुढे सवय. तसेच त्याच जातीचे अल्प्राझोलाम साधे की एसआर, म्हणजे हळूहळू सुटणारे. कंपनीवर भांडता तेवढेच या शेपटावर भांडा.

तर्कट
हे पटले. पण मग तुमचाही मुद्दा जेनेरिकविरुद्ध नाही.

पारिजात
माझाही नव्हता! बदलायचे तर आधी सांगा, डॉक्टरांना विचारा आणि मग तेच चालू ठेवा, एवढेच म्हणते. 'औषध तेच' हे आईला कुणी नीट बसून सांगितले असते तर तिने घेतले असते.

काउंटरवरून, म्हापसा
पारिजातबाय, आत्ताच्या पट्टीच्या मागच्या बाजूचा फोटो तुमच्या दुकानदाराला देऊन ठेवा आणि गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी सांगा. एवढ्या वेळात तीच कंपनी मागवता येते. पण घ्यायला येताना चिठ्ठी आणाच, आणि क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम असेल तर त्यात अजिबात सूट नाही. अल्प्राझोलामसारख्या जास्त कडक नियमांच्या औषधांचे एच-वन रजिस्टर तीन वर्षे जपावे लागते, फोटोवर कुणी देणार नाही.