मदत हवी आहे: आईच्या झोपेसाठी सीबीडी की सीबीएन? (रक्त पातळ ठेवणारं औषध वॉरफरिन चालू आहे)

आम्ही न्यू जर्सीत राहतो. आईचं वय ७१, रात्री तीनला जाग येते ती येतेच. मेलाटोनिन घेऊन पाहिलं, संध्याकाळचा चहा बंद केला, फरक नाही. आता हेम्पच्या (नशा न आणणाऱ्या भांगेच्या जातीच्या) गमीजचा, म्हणजे चघळायच्या गोळ्यांचा विचार आहे; त्यात सीबीडी किंवा सीबीएन हे भांगेतले घटक असतात.

सीबीडीने नशा होत नाही, पण यकृतात वॉरफरिनचं विघटन मंदावून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) वाढू शकतो, म्हणजे रक्तस्रावाचा धोका. मला हीच मोठी धास्ती आहे. सीबीएन झोपेसाठी म्हणून विकतात, पण थोडी गुंगी येऊन रात्री तोल गेला तर? लेबलवर टीएचसी (भांगेतला नशा आणणारा घटक) ०.३ टक्क्यांखाली आहे. भारतात जाताना सोबत नेणार नाही.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करणार नाही. वॉरफरिन चालू असताना तुमच्या घरी कुणी सीबीएन घेतलंय का, आणि डॉक्टरांनी आयएनआर किती दिवसांनी तपासायला सांगितला?