मदत हवी आहे: संजीवनी म्हणून कोणती वनस्पती मांडावी?

मंडळी, हनुमान जयंतीला बेळगावात आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात रामायणातल्या औषधींचं छोटं प्रदर्शन मांडायचं आहे. युद्धकांडात चार नावं येतात: मृतसंजीवनी, विशल्यकरणी, सावर्ण्यकरणी, संधानी. अडलंय पहिल्या दोघींवर.

बाजारात संजीवनी म्हणून विकतात ती आणली. तपकिरी, मूठ आवळल्यासारखी गुंडाळी. रात्री परातीत पाण्यात ठेवली, सकाळी पानं पसरून हिरवी! लोक बघत राहतील हे खरं. पण ही सिलॅजिनेला, नेच्याच्या गोतातली. पाणी मिळताच स्वतः टवटवीत होते, एवढ्यावरून ती लक्ष्मणाला उठवणारी कशी म्हणायची? बेंगळुरूच्या संशोधकांनी २००९ मध्ये रुदंती आणि डेस्मोट्रायकम हे झाडावर वाढणारं ऑर्किडही तपासलं होतं. रुदंती खाऱ्या जमिनीतली, डोंगराशी तिचा मेळ बसत नाही. मला ऑर्किड जास्त पटतं.

औषध कुणाला द्यायचं नाही, आणि भीमगड अभयारण्यातलं पानही तोडायचं नाही. स्वतः काढलेला फोटो पुरे.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे हे ऑर्किड कुणी पाहिलंय का, कोणत्या झाडावर? आणि तिकडचे जाणते वैदू विशल्यकरणी म्हणून कोणती वनस्पती दाखवतात?