पदोन्नतीतला भेदभाव, आणि उत्तर ‘वैयक्तिक माहिती, देता येत नाही’

प्रश्न: राज्य शासनाच्या एका कार्यालयात पदोन्नतीत महिलांना डावललं जातंय असा संशय आहे. माहिती अधिकारात निवड समितीचं इतिवृत्त आणि सगळ्या उमेदवारांचे गोपनीय अहवाल मागितले. कलम ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहितीचा अपवाद, दाखवून सरसकट नकार आला. भेदभाव झाकायला ही ढाल चालते का?

नस्ती_क्रमांक: सगळ्यांचे गोपनीय अहवाल मागितले तिथंच फसलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालापासून दुसऱ्याची सेवाविषयक कागदपत्रं मिळणं अवघड झालंय. स्वतःच्या अहवालाचं वेगळं आहे: देव दत्त निकालानुसार (२००८) प्रत्येक शेरा त्या कर्मचाऱ्याला कळवायलाच हवा. बाकी मागायचं ते असं: त्या तारखेची सेवाज्येष्ठता यादी, निवडीचे निकष, आणि कलम १० खाली (न देण्याजोगा भाग वगळून उरलेला द्यायची तरतूद) इतरांची नावं-शेरे झाकून इतिवृत्त. ‘का डावललं?’ असं विचारू नका, ‘अशी माहिती अभिलेखात नाही’ एवढंच उत्तर येतं. कारणं हवी असतील तर जिला डावललं तिनं स्वतः कलम ४(१)(घ) चा (बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणं देण्याचं बंधन) आधार घेऊन मागावीत.

अपीलवाला: नोव्हेंबर २०२५ पासून ८(१)(ञ) मधली व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची मुभा आणि ‘विधिमंडळाला नाकारता येत नाही ती माहिती कुणालाच नाकारता येणार नाही’ हे परंतुक, दोन्ही गेलं. माझ्या मते हा बदल वाईटच. पण ८(२) शाबूत आहे: जनहित होणाऱ्या हानीपेक्षा मोठं असेल तर अपवादातली माहितीही देता येते. ३० दिवसांत प्रथम अपील करा, २० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. नेमकं कोणतं जनहित, ते एका परिच्छेदात मांडा. नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी १९(५) नुसार अधिकाऱ्यावर आहे. स्त्री-पुरुष आकड्यांचा तक्ता तयार नसेल तर तो बनवून देण्याचं बंधन कार्यालयावर नाही. नोंदवहीचं निरीक्षण मागा, मोजणी आपणच करायची.

दुसरी_बाजू: प्रत्येक गुप्तता लबाडी नसते. लैंगिक छळाच्या तक्रारींत २०१३ च्या कायद्याचं कलम १६ माहिती अधिकार बाजूला सारूनच लागू होतं: तक्रारीचा मजकूर, नावं, चौकशी, शिफारशी, काहीच उघड करता येत नाही. तक्रारींची नि निकालांची संख्या मात्र कलम २२ प्रमाणे वार्षिक अहवालात यायला हवी, ती मागा. कार्यालयात दोनच बायका असतील तर आकडाही नावाइतकाच बोलतो, हे ध्यानात ठेवा.

प्रश्नकर्ता: मग जिचा अहवाल तिचा वेगळा अर्ज?

नस्ती_क्रमांक: हो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांत. दोन विषय एकत्र केले की अर्ज परत पाठवायला आयतं निमित्त मिळतं.