दहा सेकंदांची सफाई

विमानात आसनासमोरचा ट्रे चिकट, पुढच्या आसनाच्या खिशात संत्र्याची सालं, तरी लोक पुन्हा त्याच विमान कंपनीचं तिकीट का काढतात, हा प्रश्न रास्त आहे. आधी घड्याळ बघा. देशांतर्गत फेऱ्यांत विमान जमिनीवर जेमतेम अर्धा तास असतं. त्यातले उतरणे-चढण्याचे वजा केले तर सफाईला उरतात सातआठ मिनिटं. एअरबस ए३२० मध्ये दाटीवाटीची मांडणी असेल तर ३१ रांगा, १८६ आसनं. चौघांनी वाटून घेतली तरी एका आसनाला दहा सेकंद. तेवढ्यात कचरा उचलायचा, पट्टे फुलीसारखे ठेवायचे आणि खिशातलं सुरक्षापत्रक तपासायचं. ट्रे पुसणं, गालिचा झाडणं रात्रीच्या मुक्कामावर ढकललं जातं. म्हणून सकाळचं पहिलं विमान त्यातल्या त्यात बरं.

स्वतः पुसणार असाल तर ओला जंतुनाशक वाइप ट्रेवर फिरवून लगेच कोरड्या टिश्यूने पुसू नका. पाकिटावर लिहिलेला वेळ पृष्ठभाग ओला राहायला हवा. कडा, खिट्टी आणि पट्ट्याचं बक्कल विसरू नका. खिशात खाण्याचं काही ठेवूच नये, तिथे वापरलेले टिश्यूही कोंबलेले असतात.

आणि निष्ठा कसली हो! लहान शहरातून सोयीच्या वेळेला थेट विमान बहुधा एकाच कंपनीचं असतं. तिकीट काढताना भाडं आणि वेळ दिसते, ट्रे दिसत नाही. दीड तासाच्या चिकटपणासाठी मधे विमान बदलून चार तास कोण घालवणार?