राणीच्या बागेत 'नुसती झाडं'च आहेत म्हणे

चरईकर:

परवा घोडबंदर_रोड यांनी लिहिलं होतं: "ठाण्यात कोलशेतला एवढं मोठं सेंट्रल पार्क झालेलं असताना पोरांना घेऊन भायखळ्यापर्यंत लोकलचे धक्के खाणं शुद्ध वेडेपणा आहे. राणीच्या बागेत दोन-चार प्राणी, बाकी नुसती झाडं. आपल्या लहानपणीच्या आठवणींपायी मुलांचा रविवार फुकट घालवू नका." त्यावर भराभर लाइक पडले. उत्तर लांबणार, म्हणून वेगळा धागा काढतेय.

ते 'नुसती झाडं' मला फार लागलं. भायखळ्याची ही राणीची बाग (आताचं जिजामाता उद्यान) १८६२ साली लोकांसाठी उघडली, ती झाडांची बाग म्हणूनच. प्राण्यांसाठी जागा वाढवून घेतली १८९० मध्ये. म्हणजे वाघ-पेंग्विन नंतरचे पाहुणे, यजमान झाडंच. मुंबईत एवढी जुनी आणि इतक्या जातींची झाडं एका कुंपणात दुसरीकडे दाखवा मला. गोरखचिंचेच्या बुंध्याला माझी लेक आणि तिची दोन मावसभावंडं हाताला हात धरून कवेत घ्यायला गेली, तरी वेढा पुरा होईना. मग तिथल्याच एका अनोळखी मुलाला ओढून आणलं. कैलासपतीच्या झाडापाशी तर ती हलेचना. फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडातून फुटलेली, त्याच खोडावर तोफगोळ्याएवढी फळं. खाली पडलेलं एक फूल उचलून आम्ही उघडून पाहिलं. वर नागफण्यासारखी वळलेली झालर, आत इवलीशी पिंड. वास तिच्या बोटांना घरी येईपर्यंत होता. आणि वर मान केली तर भर दिवसा उलटी लटकलेली वटवाघळं, पंखांनी वारा घेत. त्याला तिकीट नाही, काच नाही.

बागेशेजारच्या भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाच्या बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. १८६४ मध्ये इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना फुटला. तुकडे इथे पडून राहिले आणि १९१४ मध्ये जोडून उभा केला. हे सांगितल्यावर पोरं सांधे शोधायला चहूबाजूंनी फिरली. ज्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा हे नाव दिलं तोच हा हत्ती, आणि तो मुलांच्या हाताच्या अंतरावर आहे. कोलशेतला मुघल बाग, जपानी बाग, चिनी बाग, मोरोक्कन बाग. चांगल्या आहेत, आम्हीही जातो. पण तिथे मुलाला "हे इथे कसं आलं?" विचारावंसं वाटेल असं काय आहे?

घोडबंदर_रोड:

नाव घेऊन धागा काढलात, आता ऐकून घ्या. तुम्ही चरईत राहता. स्टेशन पायी, गाडी पकडली की झालं. आम्ही कासारवडवलीला. मेट्रोच्या कामाने रस्त्याची जी दशा केली आहे ती बघा आणि मग सांगा, तीन वर्षांचं पोर मांडीवर घेऊन स्टेशन गाठायला किती वेळ लागतो ते. त्यात रविवार म्हणजे माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक ठरलेला. फास्ट गाड्या स्लोवर वळवल्या की डब्यात पाय ठेवायला जागा नसते. भायखळ्याला उतरेपर्यंत मूल झोपलेलं असतं नाहीतर रडत असतं. त्याला तुमचा कैलासपती दाखवू कधी?

झाडांचा मला राग नाही. पण इतिहास आईबापांना आवडतो हो. चार वर्षांच्या पोराला घसरगुंडी हवी असते.

खारघर_टेकडी:

दोघंही मुख्य गोष्ट टाळताय. पिंजऱ्यांचं काय? २०१६ मध्ये सोलहून पेंग्विन आणले, त्यातला एक काही महिन्यांतच मेला. मुंबईच्या दमटपणात थंड खोल्या चालवून त्यांना जगवायचं आणि मुलांना सांगायचं 'बघ किती गोड'. माझ्या मुलीला मी तिथे नेणार नाही. पावसाळ्यात पांडवकडा धबधबा लांबून दाखवते, येऊरच्या जंगलात पक्षी दाखवते. झाडंच बघायची तर वटवाघळं येऊरलाही आहेत.

चरईकर:

पिंजऱ्यांबद्दल माझं तुमच्याशी फारसं भांडण नाही. पण त्यासाठी पूर्ण बाग वर्ज्य करणं मला पटत नाही. आणि येऊरला पावसात तीन वर्षांच्या मुलाला घेऊन कोण जातं?

कोपरी_पूर्व:

मी वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा असेन, म्हणून स्पष्ट बोलतो. २०१७ पर्यंत मोठ्या माणसाला ५ रुपयांत आत जाता येत होतं. एकदम ५० केले. दोन मोठे आणि दोन मुलं असं कुटुंब असेल तर सगळ्यांचे मिळून १००, ठीक आहे. पण आणखी मोठी माणसं बरोबर आली की गणित बिघडतं. आमच्या लहानपणी हत्तीवर बसवून फेरी मारायचे, आम्ही चाळीतली सगळी पोरं एकत्र जायचो. आता तिकीट, रांग, बॅग तपासणी.

आणि खेळाच्या जागेचं म्हणाल तर सगळीकडे सारखंच. लोखंडी घसरगुंडी गेली, गोल फिरायचा पाळणा गेला, सी-सॉ गेला. खाली माती असायची, तीही गेली. आता ठाणे काय आणि नवी मुंबई काय, प्रत्येक बागेत तो लाल-निळा रबराचा गालिचा. माझ्या नातवाला माती हाताला लागली की रडू येतं. ही काय पिढी वाढवतोय आपण?

नेरूळ_सेक्टर१९:

काकांना शंभर टक्के पाठिंबा. एप्रिलमध्ये आमच्या जवळच्या एका बागेत संध्याकाळी पाच वाजता मुलगा चप्पल काढून रबरावर उतरला आणि तिथेच किंचाळला. तळवे लालबुंद. वर एकही झाड नाही. मातीवर असं कधी झालं नसतं. वंडर्स पार्कमध्ये सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत, पण टळटळीत उन्हात ताजमहालासमोर उभं राहून मूल काय करणार? फोटो काढला की संपलं.

बालरोग_वॉर्ड:

कोपरी_पूर्व, एक विनंती. माती-माती हे जे कौतुक चाललंय ते जरा थांबवा. मी परिचारिका आहे, मुलांच्या वॉर्डात वर्षानुवर्षं काढली आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत कोपराच्या वरचं हाड मोडलेली मुलं येतात, बहुतेक ५ ते ७ वयाची. लोंबकळायच्या दांड्यावरून हात सुटतो आणि मूल पसरलेल्या हातावर पडतं. तुम्ही ज्याला माती म्हणता ती माती नसते. हजारो पावलांनी दबून, उन्हात भाजून तिचा दगड झालेला असतो. रबर फुकट टाकत नाहीत, डोकं वाचावं म्हणून टाकतात. रेतीच्या खड्ड्यात रात्री कुत्री-मांजरं काय करून जातात आणि त्यातून मुलांना कोणते जंत होतात, हेही एकदा विचारा कुणा डॉक्टरला.

कोपरी_पूर्व:

माझाही हात मोडला होता, चौथीत असताना. हाडवैद्याकडे बांधला, सहा आठवड्यांत पुन्हा झाडावर. काही बिघडलं नाही.

बालरोग_वॉर्ड:

तुमचा सरळ बसला. ज्यांचा वाकडा बसला, ज्यांची बोटं कायमची आखडली, ते इथे अभिमानाने लिहायला येत नाहीत. कोपराच्या या मोडीत रक्तवाहिनी आणि नस दोन्ही जवळ असतात, घट्ट बांधून ठेवलं तर हात जाऊ शकतो. हाडवैद्याचं उदाहरण कृपा करून इथे देऊ नका, कुणीतरी खरं मानेल.

कोपरी_पूर्व:

मोठ्यांशी बोलायची ही रीत नव्हे. मी सल्ला दिला नाही, अनुभव सांगितला.

बालरोग_वॉर्ड:

काका, आवाज चढला असेल तर माफ करा. मुद्दा मागे घेत नाही.

कळवा_साइट:

सिव्हिलवाला म्हणून थोडं सांगतो. खालचा काळा थर जुन्या टायरच्या चुऱ्याचा असतो, वर रंगीत दाणे. खेळणं जितकं उंच तितकी जाडी वाढवावी लागते. अनेक ठिकाणी सगळीकडे एकच पातळ थर ओढून मोकळे होतात, मग उंच घसरगुंडीखाली त्याचा उपयोग नावापुरता. पावसाळ्यात खालचा निचरा नीट नसेल तर पाणी साचतं, कडा उचकटतात आणि त्यातच पोरं अडखळतात. गडद रंगाचं रबर उन्हात तापणारच. दोष रबराचा कमी, ते कसं आणि कुठे टाकतात याचा जास्त.

घोडबंदर_रोड:

रबराबाबत मी ताईंच्या बाजूने. माझा मुलगा रोज पडतो. पण मला एक सांगा, कचराळी तलावासारख्या ठिकाणी सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्यांची गर्दी. मूल धावलं की मागून 'बाळा, बाजूला हो'. बॉल आणायचा नाही, सायकल आणायची नाही. ठाण्यातल्या बागा मुलांसाठी आहेत की मधुमेहवाल्यांसाठी? ज्यांची मुलं मोठी झाली त्यांनीच सगळे ट्रॅक बळकावले आहेत.

कोपरी_पूर्व:

आम्हाला डॉक्टरने चालायला सांगितलंय. मग आम्ही हमरस्त्यावर चालायचं का?

चरईकर:

चर्चा राणीच्या बागेवर होती, हे लक्षात आहे ना? तरी या रबराच्या भांडणातूनच माझं म्हणणं वर येतंय. नेरूळ_सेक्टर१९ यांच्या मुलाचे तळवे भाजले कारण वर सावली नव्हती. सावली आज लावून उद्या मिळत नाही. तीस-चाळीस वर्षं जावी लागतात. नवीन बाग करताना आधी प्रतिकृती, कारंजी, रंगीत दिवे, सेल्फीची कमान, आणि झाडं म्हणजे कडेला शोभेचे पाम. जुन्या बागेत आधी झाडं लावली, बाकी सगळं त्यांच्या सावलीत आलं. म्हणूनच २००७ नंतर राणीच्या बागेचा कायापालट करायचं घाटत होतं, तेव्हा मुंबईच्या बायका झाडांसाठी उभ्या राहिल्या. मुलं आज दुपारी तिथे फिरू शकतात त्यात त्यांच्या भांडणाचा वाटा आहे. तुमचं 'नुसती झाडं' मला म्हणूनच सोसत नाही.

बालरोग_वॉर्ड:

सावलीचं मान्य. डिहायड्रेशनची मुलंही आमच्याकडेच येतात. पण सावली असली तरी उंच साधनाखाली मऊ थर हवाच. चिखलात खेळायचं असेल तर वेगळा कोपरा करा, वरून पडायचा धोका नाही असा. तिथे मीही माझ्या भाच्याला सोडेन.

खारघर_टेकडी:

त्या झाडांच्या चळवळीचं ठाऊक होतं, पण इथे कुणी आठवण काढेल असं वाटलं नव्हतं. पिंजऱ्यांकडे न जाता फक्त झाडं आणि संग्रहालय असं करता येतं का? लेकीने हट्ट धरला तर काय करायचं तो वेगळा प्रश्न.

चरईकर:

येतं. संग्रहालय शेजारीच आहे, १८७२ चं. आत जुन्या मुंबईच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत, मुलं काचेला नाक लावून बघतात. बागेचं आणि संग्रहालयाचं तिकीट वेगळं. दोन्ही बुधवारी बंद, तेवढं लक्षात ठेवा. रविवार टाळून शनिवारी सकाळी उघडताच गेलात तर उन्हाच्या आत बाहेर पडता येतं.

नेरूळ_सेक्टर१९:

आम्हाला कुर्ल्याला गाडी बदलावी लागते. बाबागाडी घेऊन तो पूल चढायचा आणि उतरायचा, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. तरी सुट्टीत एकदा नेईन म्हणते, बाबागाडी घरी ठेवून.

घोडबंदर_रोड:

झाडांबद्दल लिहिलंत ते वाचलं. 'नुसती' हा शब्द घाईत गेला असेल, तो सोडा. पण अंतराचं, मेगाब्लॉकचं आणि तीन वर्षांच्या मुलाचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही. मुलगा सात-आठचा होईपर्यंत आमचा रविवार कोलशेतलाच. तिथे आत्तापासून वड-पिंपळ लावा म्हणून अर्ज करायचा असेल तर सही माझी पहिली.

चरईकर:

अर्ज मी लिहिते. वड-पिंपळाबरोबर करंज आणि ताम्हणही घालते. खेळण्यांच्या पश्चिमेला लावायला सांगूया, म्हणजे संध्याकाळच्या उन्हात सावली थेट रबरावर पडेल. कळवा_साइट, मुळं आणि पाया यांचं अंतर किती ठेवायचं ते तुम्ही सांगाल का?

कळवा_साइट:

सांगतो. पण वड खेळण्यांजवळ नको, मुळं रबर फाडून वर येतील. तो दूर मोकळ्या जागेत लावा. जवळ ताम्हण चालेल.

कोपरी_पूर्व:

वडाच्या पारंब्या जमिनीला टेकल्या की त्या कापू नका, एवढं अर्जात घाला. पोरांना झोके घ्यायला लागतात.

बालरोग_वॉर्ड:

आणि पारंब्यांखाली मऊ थर.