सेस्ना १७२ च्या वार्षिक तपासणीचा खर्च आणि दर्जा : मालकाने काय विचारावे?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. आम्ही तिघा मित्रांनी चार वर्षांपूर्वी एक वापरलेले सेस्ना १७२ विमान भागीदारीत घेतले. इंजिन लायकॉमिंग ओ-३२०, १६० अश्वशक्तीचे. विमान कराडच्या धावपट्टीवर असते, वर्षाकाठी ६०-७० तास उडते आणि जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत जवळजवळ जागचे हलत नाही.

यंदाच्या वार्षिक तपासणीसाठी ते दुसऱ्या जिल्ह्यातील एका कार्यशाळेत नेले. अंदाजपत्रक १ लाख ९० हजारांचे होते. आठव्या दिवशी फोन आला की, तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन (८० पौंड दाबाची हवा सोडली तर आत किती दाब टिकतो ते) ८० पैकी ६१ भरले आहे, बाकीचे तीन ७४ ते ७६ आहेत, त्यामुळे सिलिंडर बदलावा लागेल आणि त्याबरोबर दोन्ही मॅग्नेटोही (प्लगला ठिणगी पुरवणारी यंत्रे) करून घेतलेले बरे. नवा आकडा साडेपाच लाखांच्या पुढे गेला आहे.

पैसे लागणार असतील तर ते देण्याची आमची तयारी आहे. मला खरी चिंता कामाच्या दर्जाची वाटते, आणि तिला कारण आहे. गेल्या वर्षी याच कार्यशाळेतून विमान ताब्यात घेताना मी नेहमीप्रमाणे भोवती फेरी मारली. डाव्या पंखाखाली स्ट्रटजवळ (पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांड्याजवळ) इंधनटाकीत हवा घेणारी जी छोटी नळी असते, तिच्या तोंडाशी मातीचे बूच दिसले. ते कुंभारीण माशीचे घर होते. नखाने खरवडले तेव्हा कोरडी, ठिसूळ माती गळाली आणि आतून वाळून कोळ झालेले दोन कोळी निघाले. हे घर एका रात्रीत झालेले नव्हते. तरीही कामाच्या तक्त्यात ‘इंधन व्हेंट तपासले’ या ओळीपुढे बरोबरची खूण आणि सही होती. एका ओळीपुढची खूण अशी निघाली, तर उरलेल्या ओळींवर विश्वास कसा ठेवावा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त विमान देखभाल अभियंता (मिरज)

आपण मांडलेला व्हेंटचा प्रसंग मला सिलिंडरपेक्षा गंभीर वाटतो. ती नळी बुजली की टाकीतून इंधन जाईल तसतशी आत पोकळी तयार होते आणि पुरवठा मंदावत थांबू शकतो. काही १७२ मध्ये टाकीच्या झाकणातूनही हवा आत जाते, पण त्या भरवशावर कोणी उडू नये. ही नळी पाहायला टॉर्च घेऊन खाली वाकण्यापलीकडे काही लागत नाही. म्हणजे तिथे कौशल्य किंवा उपकरण कमी पडले नव्हते, माणूस त्या पंखाखाली वाकलाच नव्हता.

आता खर्चाकडे येतो. आपल्या बिलात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे. पहिली तपासणी, म्हणजे झाकणे उघडून, मोजून, पाहून दोषांची यादी करणे. दुसरी त्या यादीतील दोषांची दुरुस्ती. तिसरी कागदपत्रे, ज्यात वर्षभराच्या मुदतीचे एआरसी, म्हणजे उड्डाणयोग्यतेच्या पुनर्विलोकनाचे प्रमाणपत्र येते. एआरसीसाठी नोंदी तपासल्या जातात आणि विमान प्रत्यक्ष पाहिले जाते, पण त्याने देखभालीच्या तपासणीची जागा भरून निघत नाही. अनेक मालक या दोन्हींना एकच समजतात. तिन्हींचे आकडे वेगळे मागा. तपासणीचे काम किती मनुष्यतासांचे धरले आहे, हेही विचारा, कारण स्वस्त तपासणीत सर्वप्रथम तासच कापले जातात. करही नजरेखालून घाला. विमान देखभाल सेवेवरील जीएसटी १ एप्रिल २०२० पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि आयात सुट्या भागांवरील आयजीएसटी १५ जुलै २०२४ पासून सरसकट ५ टक्के झाला.

सिलिंडरविषयी मात्र घाई करू नका. कॉम्प्रेशनची ही चाचणी इंजिन गरम असताना घ्यायची असते. विमान आठ दिवस उभे राहून थंड झाल्यावर ती घेतली असेल, तर त्या ६१ ला फारसा अर्थ नाही. आकड्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे हवा कुठून निसटते ते. एक्झॉस्टच्या नळकांड्याशी कान नेला आणि तिथे फुसफुस ऐकू आली, तर दोष एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा. कार्ब्युरेटरकडून आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्हचा. तेल भरण्याच्या तोंडातून आला तर पिस्टनच्या रिंगांचा. लायकॉमिंगच्या स्वतःच्या सूचनेनुसार सिलिंडरांमधील ५ पर्यंतचा फरक समाधानकारक असतो, १० ते १५ असेल तर शोध घ्यावा. आणि शोध घेणे म्हणजे लगेच सिलिंडर उतरवणे नव्हे, कारण पुष्कळदा व्हॉल्व्ह आपोआप पुन्हा नीट बसतो. अशा वेळी पुढील दहा उड्डाणतासांच्या आत पुन्हा मोजमाप घ्यायला सांगितले आहे. आपला फरक १३ ते १५ म्हणजे सीमेवर आहे. बोअरस्कोपने (सिलिंडरच्या आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) व्हॉल्व्हचे छायाचित्र मागवा. निरोगी एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरची काजळी मधोमध गोल आणि सर्व बाजूंनी सारखी दिसते. जळू लागलेल्या व्हॉल्व्हची एक कड वेगळ्या रंगाची होते. तशी कड दिसली तर सिलिंडर निमूटपणे उतरवा, मग तिथे पैशाचा विचार नको.

मॅग्नेटोंच्या बाबतीत ‘करून घेतलेले बरे’ हे कारण पुरेसे नाही. ५०० तासांनी ते उघडून तपासायचे असतात. लॉगबुक काढा आणि मागील तपासणीपासूनचे तास मोजा. ५०० होत आले असतील तर कार्यशाळेचे म्हणणे योग्य आहे.

विटेकर (सध्या ओहायो)

मूळचा विट्याचा, गेली अठरा वर्षे इकडे आहे आणि माझ्याकडेही १७२ च आहे. इथली पद्धत सांगतो, ती आपल्या उपयोगी पडेल असे वाटते. अमेरिकेत खाजगी विमानाची वार्षिक तपासणी दर बारा महिन्यांनी होते आणि तिच्यावर सही करणाऱ्या मेकॅनिककडे त्यासाठीचा वेगळा अधिकार असावा लागतो. विमान उड्डाणयोग्य आढळले नाही, तर तो मालकाला दोषांची सही केलेली यादी देतो आणि तपासणी तिथे पूर्ण झाली असे धरले जाते. ते दोष दुसऱ्या पात्र मेकॅनिककडून दूर करून घेण्यास मालक मोकळा असतो. त्यामुळे दोष शोधणाऱ्याचे उत्पन्न दोषांच्या संख्येवर अवलंबून राहत नाही.

मी स्वतः मेकॅनिकच्या देखरेखीखाली आसने आणि झाकणे काढतो. त्यात माझे तास वाचतात, पण खरा लाभ वेगळाच झाला. तिसऱ्या वर्षी आसनाची रूळपट्टी हातात घेतली तेव्हा खिट्टी जिथे अडकते ती भोके लांबट झिजलेली बोटालाच कळली. उड्डाणाच्या वेळी आसन मागे घसरले तर वैमानिकाचा हात आपसूक योक (विमान चालवण्याचे चाक) ओढतो. याच कारणासाठी एफएएने (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने) सेस्नाच्या आसनांच्या रुळांबाबत १९८७ मध्ये सक्तीचा आदेश काढला आणि २०११ मध्ये तो सुधारला. आपल्या लॉगबुकात त्याची नोंद आहे का, ते पाहावे.

गव्हाण (वाळवा)

या विमानाचा मी दुसरा भागीदार. साखर कारखान्याच्या मिल विभागात माझी ३१ वर्षे गेली. सिलिंडर आणि मॅग्नेटो दोन्ही बदलून टाका, असा आग्रह माझाच होता, हे इथे सांगितले पाहिजे. आमच्याकडे हंगाम संपला की मिल पूर्ण उघडायची, रोलर उचलायचे, बेअरिंगे पाहायची आणि पुढच्या गळितात मध्येच थांबायची वेळ येऊ नये म्हणून शंका असलेला प्रत्येक भाग बदलायचा, ही शिस्त. विमानालाही तीच लावावी असे मला वाटत होते.

मिरजेच्या साहेबांचे उत्तर वाचून आमच्याकडचीच एक गोष्ट आठवली. ओव्हरहॉलनंतरच्या चाचणीत जे बिघाड निघायचे, त्यांतील बरेचसे जुन्या झिजेचे नसून आमच्याच हातांचे असायचे: नीट न आवळलेला बोल्ट, उलटे बसलेले वॉशर. मिल थांबवून ते दुरुस्त करता येत होते आणि म्हणूनच आम्ही गव्हाणीत मोळी टाकण्याआधी मिल रिकामी फिरवून पाहत असू. विमानात ती सोय हवेत मिळत नाही. माझा आग्रह मी मागे घेतो. साहेब, देखभालीनंतरच्या पहिल्या उड्डाणाबाबत आपण काय सांगाल?

निवृत्त विमान देखभाल अभियंता (मिरज)

आपली तुलना अगदी योग्य आहे. सिलिंडर उतरवताना आणि बसवताना बोल्ट ठरलेल्या ताणाने आवळले गेले नाहीत, तर त्याचे परिणाम मूळ दोषापेक्षा वाईट असतात. पहिले उड्डाण दिवसा, स्वच्छ हवेत, प्रवासी न घेता आणि धावपट्टीच्या वरच घिरट्या घेत करावे. उतरल्यावर काउलिंग (इंजिनावरचे आवरण) काढून तेलाची आणि इंधनाची गळती पाहावी.

विटेकरांची पद्धत इथे जशीच्या तशी चालणार नाही. आपल्याकडे काम परवानाधारक अभियंता आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या सहीने प्रमाणित होते, म्हणून हत्याराला हात लावू नका. परंतु उड्डाणयोग्यतेची जबाबदारी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांनुसार मुळात मालकाचीच आहे, त्यामुळे झाकणे उघडी असताना विमान पाहायला आपल्याला कोणी नाही म्हणू नये. जी कार्यशाळा नाही म्हणेल, तिच्याकडे विमान नेऊ नका. बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागा आणि नव्या भागासोबत सीए फॉर्म १ किंवा तत्सम अधिकृत प्रमाणपत्र आहे का ते पाहा.

न विचारलेली एक गोष्टही सांगतो, कारण ती मला सर्वांत जास्त बोचली. तीन महिने उभे राहणारे इंजिन. लायकॉमिंगमध्ये कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) वरच्या अंगाला असतो, तेल निथळून जाते आणि कोयनेकडून येणाऱ्या त्या दमट हवेत तो उघडा पडून गंजू लागतो. मधूनमधून जमिनीवरच इंजिन चालवून ठेवणे हा उपाय नव्हे. तेल ८० अंशांच्या आसपास तापून राहिले नाही, तर आतले पाणी उडत नाही, उलट वाढते. एक तर पावसाची उघडीप मिळेल तेव्हा अर्धा-पाऊण तास खरोखर उडा, नाही तर जूनमध्येच संरक्षक तेल भरून आणि प्लगच्या जागी ओलावा शोषणारे प्लग बसवून इंजिन रीतसर झोपवा. या वेळी जुना तेल फिल्टर कापून त्याच्या घड्यांमध्ये धातूचे कण आहेत का, हे आपल्या डोळ्यांदेखत पाहायला सांगा.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. आज कार्यशाळेशी बोललो. चाचणी थंड इंजिनावरच झाली होती, हे त्यांनी मान्य केले. लॉगबुकाप्रमाणे मॅग्नेटोंचे ३४० तास झाले आहेत, त्यामुळे ते काम यंदा थांबवले. शनिवारी इंजिन गरम करून पुन्हा मोजमाप आणि बोअरस्कोप होईल, तेव्हा आम्ही दोघे तिथे असू. फिल्टर आमच्यासमोर कापण्याचेही ठरले आहे. आसनाच्या रुळांची नोंद मात्र गेल्या दोन वर्षांच्या पानांत सापडली नाही. ती तपासणी यादीत लिहून घेतली आहे. तिसऱ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हचे छायाचित्र रविवारी इथे टाकतो.