परक्या देशातले डॉक्टर: तुमचे अनुभव लिहा

निमित्त असं, की परवा नव्याने आलेल्या एका मुलीने विचारलं, "ताप आहे, कुठल्या स्पेशालिस्टकडे जाऊ?" मीही आल्या आल्या हेच विचारलं होतं. आजारपणापेक्षा कुठलं दार ठोठवायचं याचाच घोर जास्त. इंग्लंडमध्ये ते दार जीपीचं, म्हणजे फॅमिली डॉक्टरचं, आणि त्यांच्याकडे आधी नाव नोंदवावं लागतं. घराचा करार मैत्रिणीच्या नावावर, म्हणून पत्त्याच्या पुराव्याअभावी मला रिसेप्शनवरून परत पाठवलं आणि मी आठ महिने बिननोंदणीची राहिले. पुरावा नाही एवढ्यावरून नोंदणी नाकारता येत नाही, असा नियमच आहे. तो छापून नेला, पाच मिनिटांत काम झालं. तुमचं कसं झालं? बिलं, भाषा, फजिती, सगळं येऊ द्या. फक्त औषधं सुचवू नका.

*

नेदरलँड्स. इथल्या हाउसआर्ट्सला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, आम्ही "पॅरासिटामॉलवाले" म्हणतो. मी दोनदा गेलो, दोनदा तेच. चूक थोडी माझीही. "कसं वाटतंय?" म्हटलं की तोंडातून आपोआप "ठीक आहे" निघायचं. तिसऱ्यांदा कागदावर लिहून नेलं: दुखण्याने रात्री दोनदा जाग येते, जिन्यात मध्येच थांबावं लागतं. लगेच हॉस्पिटलची चिठ्ठी मिळाली. आणि हो, हाउसआर्ट्सकडे जाणं वर्षाच्या 385 युरोंच्या 'आयगेन रिसिको'त, म्हणजे विम्याने पैसे देण्याआधी आपल्या खिशातून भरायच्या रकमेत, धरत नाहीत, पण त्यांनी सांगितलेली रक्ततपासणी धरतात. मला हे बिल हातात पडल्यावर कळलं.

*

जर्मनी. रात्री-बेरात्री दुखणं जिवावरचं नसेल तर 116117, असेल तर 112. हे दोन नंबर फ्रिजवर चिकटवा, बाकी जर्मन नंतर शिका. आणि आजारपणाच्या रजेचा कागद ऑफिसला द्यायला शोधत बसू नका. सरकारी योजनेतला विमा असेल तर 2023 पासून ऑफिसच तो ऑनलाइन मागवून घेतं. मी मात्र तापात प्रिंटरशी झटापट केली होती.

*

अमेरिका. बोट कापलं, घाबरून थेट इमर्जन्सीत गेले. टाके अर्जंट केअरमध्येही, म्हणजे किरकोळ तातडीच्या दुखण्यांच्या दवाखान्यातही, पडले असते, कितीतरी स्वस्तात. इमर्जन्सीत तपासून रुग्णाला सावरायचं, हे 1986 च्या कायद्याने मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी विमा) घेणाऱ्या हॉस्पिटलांना बंधनकारक आहे. फुकट करायला मात्र कुणी सांगितलेलं नाही! तीन आठवड्यांनी विमा कंपनीचं पाकीट आलं, आकडा बघून मी खाली बसले. नवऱ्याने कोपऱ्यातली बारीक ओळ वाचली: 'हे बिल नाही'. तो नुसता हिशेबाचा तपशील होता. खरं बिल नंतर आलं. दोन्ही ओळीने ताडून पाहिली तर एक तपासणी दोनदा लावलेली. फोन केला, कमी झाली.

*

पुन्हा इंग्लंड. आई आमच्याकडे कायमची राहायला आली, त्यानंतरची गोष्ट. (तिला विचारून लिहितोय.) जीपीकडे दुभाषा मीच. आई म्हणाली, "जरा अशक्तपणा वाटतो," मी तेवढंच सांगितलं. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नम्रपणे बाहेर बसायला सांगितलं. फोनवर मराठी दुभाषी जोडून दिली, फुकट. मला थोडा रागच आला, मुलगा असताना परकी बाई कशाला?

वीस मिनिटांनी दार उघडलं. पाळी जाऊन दहा वर्षं झाल्यावर तीन महिन्यांपासून आईच्या अंगावरून जात होतं. घरात कुणाला पत्ता नाही. मला ते कळलं असतं तरी 'अंगावरून जातं' याचं इंग्रजी मी काय केलं असतं, कोण जाणे. तातडीची चिठ्ठी निघाली. कॅन्सर आहे की नाही हे 28 दिवसांत सांगायचं असं इथलं उद्दिष्ट आहे, आम्हाला एकोणिसाव्या दिवशी कळलं: साधी गाठ, काढून टाकली.

आता अपॉइंटमेंट घेतानाच दुभाषी मागून ठेवतो. आईचा पहिला प्रश्न असतो, "तीच बाई मिळेल का रे?"